घर विकले, बिऱ्हाड राहिले

सुरतेस इंग्रज व्यापाऱ्यांनी वखार घातली ती १६१३ मध्ये, ही गोष्ट शाळेतील मुलांनाही ठाऊक असते. ती वखार ज्या घरात होती ते घर इंग्रजांचे नव्हते, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. जहांगीर बादशहाच्या दरबारी असलेला इंग्रज वकील सर टॉमस रो याने १६१८ मध्ये शाहजादा खुर्रम, म्हणजे पुढचा शहाजहान, याच्याकडून व्यापाराच्या काही सवलती मिळविल्या. त्यांबरोबर एक अट होती. इंग्रजांनी शहरात घर भाड्याने घ्यावे. विकत घेऊ नये आणि बांधूही नये. पुढे १६८९ मध्ये सुरतेस आलेला इंग्रज धर्मोपदेशक जॉन ओव्हिंग्टन याने लिहून ठेवले आहे की, कंपनीची ही इमारत बादशहाच्या मालकीची असून तिचे वर्षाचे भाडे साठ पौंड होते, आणि ती रक्कमही बहुतेक डागडुजीतच खर्ची पडत असे. १६६४ च्या जानेवारीत शिवाजी महाराज सुरतेवर चालून आले, तेव्हा सर जॉर्ज ऑक्झेंडन याने जिची दारे बंद करून घेतली ती वखारही भाड्याचीच. ज्यांनी पुढे साऱ्या देशाची मालकी बळकावली ते लोक या शहरात कित्येक वर्षे बिऱ्हाडकरू म्हणून नांदले, ही इतिहासातील एक मौजच म्हणावयाची.

अर्थात कंपनीपाशी जहाजे होती, तोफा होत्या आणि दरबारात वकील होता. सामान्य बिऱ्हाडकरूपाशी यांपैकी काहीच नसते. घरमालकाने घर विकले, नवा धनी दारात उभा राहिला आणि ‘भाडेपट्टा दाखवा’ म्हणू लागला, तर दाखवावयास कागदही नसतो. घर फिरले की वासे फिरतात, ही म्हण अशा माणसास अगदी शब्दशः लागू पडते. त्या दिवशी त्याचा हक्क कोणता, हा प्रश्न सुरतेपुरता नाही आणि आजचाही नाही. निरनिराळ्या काळी निरनिराळ्या देशांनी त्याची जी उत्तरे दिली ती पाहिली, म्हणजे आपल्याकडील उत्तराचे वेगळेपण ध्यानात येते.

रोमन कायद्याचे उत्तर निष्ठुर होते. विक्री झाली की भाडे संपले. भाडेकरूने फार तर जुन्या मालकाकडे नुकसानभरपाई मागावी. नव्या मालकाशी त्याचा संबंध नाही. फ्रान्समध्ये १८०४ च्या नागरी संहितेने हे बदलले. ज्याचा भाडेपट्टा अधिकृत आहे, किंवा ज्याच्या पट्ट्याची तारीख निःसंशय ठरलेली आहे, त्यास खरेदीदाराने बाहेर काढू नये असे तिने सांगितले. सुधारणा मोठी खरी, परंतु तिचा लाभ कागद असणाऱ्याला. जर्मनीची संहिता १ जानेवारी १९०० पासून अमलात आली, आणि तिने खरेदीने भाडे तुटत नाही, नवा मालक जुन्या मालकाच्या जागी येऊन उभा राहतो, असे ठरविले.

आपल्या देशात हा विषय १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात आला. मुंबई इलाख्यास, आणि म्हणून सुरत जिल्ह्यास, तो १ जानेवारी १८९३ पासून लागू झाला. बिऱ्हाडकरूच्या दृष्टीने त्यात तीन गोष्टी महत्त्वाच्या आहेत, आणि त्या वकिलाच्या कचेरीबाहेर फारशा कोणाला माहीत नसतात.

पहिली अशी की, एका वर्षाहून अधिक मुदतीचा पट्टा नोंदलेल्या दस्तानेच व्हावा लागतो. परंतु महिन्याच्या बोलीने दिलेली खोली, तोंडी ठरली आणि किल्ली हाती दिली, एवढ्यावर कायदेशीर भाड्याची होते. म्हणजे ‘कागद नाही’ याचा अर्थ ‘भाडेकरू नाही’ असा होत नाही. तो महिनेवार भाडेकरू ठरतो. दुसरी गोष्ट, घर विकत घेणाऱ्यास विकणाऱ्याचे हक्क मिळतात तशा त्याच्या जबाबदाऱ्याही मिळतात. इतकेच नव्हे, तर विक्री झाल्याचे भाडेकरूस ठाऊक नसताना त्याने जुन्या मालकास भाडे दिले असेल, तर तेच भाडे नव्या मालकास पुन्हा मागता येत नाही. तिसरी गोष्ट १९२९ च्या दुरुस्तीने आली. जागेत जो प्रत्यक्ष राहत आहे, त्याचा जो काही हक्क असेल तो खरेदीदारास माहीत होता असेच धरले जाते. ‘आत कोणी राहतो हे मला विकणाऱ्याने सांगितले नव्हते’, ही सबब खरेदीदारास चालत नाही. दाराशी चपला, दोरीवर वाळत घातलेली लुगडी, ओट्यावर मांडलेली चूल, हीच त्याला दिलेली नोटीस.

इतके सारे दिल्यावर कायद्याने एका हाताने ते परतही घेतले. महिनेवार भाडेकरूस घर सोडावयास लावण्यासाठी पंधरा दिवसांची नोटीस पुरे होती. नव्या मालकाने कारण सांगावयाचे नाही. पंधरा दिवस मोजावयाचे आणि दावा लावावयाचा. तेव्हा १८९३ नंतर सुरतेत एखादे घर विकले गेले, तर बिऱ्हाडकरूचे स्थान कायद्याने मान्य होते, पण त्या मान्यतेचे आयुष्य पंधरवड्याचे होते.

हा पंधरवडा पुढे लांबला तो न्यायबुद्धीने नव्हे, युद्धामुळे. १९१५ मध्ये स्कॉटलंडमधील ग्लासगो शहरी गोद्या आणि दारूगोळ्याचे कारखाने रात्रंदिवस चालू होते, बाहेरून मजूर लोटत होते, आणि घरमालकांनी भाडी चढविली. घरातील पुरुष कामावर किंवा आघाडीवर. वाढीव भाडे द्यावयाचे नाही असा निश्चय स्त्रियांनी केला. मेरी बार्बर ही त्यांची पुढारीण. बेदखलीचा हुकूम घेऊन कोणी आले की गल्लीतील बायका जमून वाट अडवीत. नोव्हेंबरात काही कामगारांना भाड्यासाठी कोर्टात खेचले तेव्हा हजारोंचा जमाव कोर्टापुढे उभा राहिला, आणि वर्ष संपण्यापूर्वी पार्लमेंटने भाडी गोठविणारा कायदा केला.

तीच अडचण मुंबईतही होती. गिरण्यांना मजूर हवे होते आणि इमारतींसाठी सामान मिळत नव्हते. १९१८ मध्ये मुंबई सरकारने भाडेनियंत्रणाचा पहिला कायदा केला व १ जानेवारी १९१६ चे भाडे हे प्रमाण धरले. हा कायदा काही वर्षांनी सरला. दुसरे महायुद्ध आले तशी १९३९ आणि १९४४ मध्ये नवी बंधने आली, आणि ती सारी एकत्र करून १९४७ चा मुंबई भाडेनियंत्रण कायदा झाला. तो १३ फेब्रुवारी १९४८ पासून अमलात आला. सुरत त्या वेळी मुंबई प्रांतातच होती. १ मे १९६० रोजी गुजरात राज्य निराळे झाले तेव्हा हाच कायदा त्याने पुढे चालू ठेवला. मुंबईच्या चाळीतील बिऱ्हाडकरू आणि सुरतेच्या शेरीतील ‘भाडूत’ या दोघांची कवचकुंडले एकाच लोहाराने घडविली होती, असे म्हणावयास हरकत नाही.

या कायद्याचा गाभा सरळ होता. भाडेकरू प्रमाणभूत भाडे देत आहे, किंवा देण्यास तयार आहे, तोवर त्याला काढता यावयाचे नाही. प्रमाणभूत भाडे म्हणजे सामान्यतः १ सप्टेंबर १९४० रोजी असलेले. काढावयाचे असेल तर कायद्यात दिलेल्या कारणांपैकी एखादे कारण कोर्टात सिद्ध करावे लागे. पंधरा दिवसांची मुदत मोजून काम भागेना. भाड्याची पावती देणे मालकावर बंधनकारक झाले आणि न दिल्यास दंड ठेवला गेला. पाणी, दिवाबत्ती, झाडलोट तोडून माणसास हैराण करण्याची जी जुनी युक्ती, तिलाही बंदी झाली. पागडी घेणे तर तुरुंगवासाचा गुन्हा ठरला. ती तरीही किती उघडपणे घेतली जात असे, हे सांगण्याची गरज नाही.

पावतीचे महत्त्व येथे नीट समजून घेतले पाहिजे. ज्यास भाडेकरू नकोसा झाला आहे असा मालक प्रथम काय करतो, तर भाडे घेण्याचेच नाकारतो. सहा महिने असे गेले, आणि मागणीची नोटीस आल्यावर महिनाभरात भाडेकरूने रक्कम भरली नाही, की तो थकबाकीदार ठरून त्याचे संरक्षण गळून पडे. म्हणून जाणती माणसे भाडे मनिऑर्डरने पाठवीत. मालकाने ती घेतली तर पोच मिळे. नाकारली तर टपालखात्याचा ‘नाकारली’ असा शेरा मिळे, आणि तो शेरा पावतीइतकाच मोलाचा. दिवाणी कोर्टात अशा मळकट कागदांच्या जुड्या घेऊन बसलेले म्हातारे एका पिढीने पाहिले आहेत. त्या जुडीत त्यांचे घर असे.

आता विक्रीकडे वळू. घर विकले तरी भाडेकरूचे संरक्षण तसेच राही, हे खरे. परंतु नवा मालक म्हणे, ‘मी हे घर स्वतः राहण्यासाठी घेतले आहे.’ स्वतःच्या राहण्यासाठी जागेची खरीखुरी आणि वाजवी गरज, हे ताबा मागण्याचे एक कारण कायद्यातच होते. तेव्हा कोर्टापुढे दोन कुटुंबे उभी राहत आणि कायदा न्यायाधीशास तोलून पाहावयास सांगे. ताबा दिल्याने भाडेकरूस होणारा त्रास आणि न दिल्याने मालकास होणारा त्रास, यांत जड कोणता? भाडेकरूचा जड असेल तर हुकूमनामा द्यावयाचा नाही. जागेचा काही भाग देऊन भागत असेल तर तेवढाच द्यावयाचा. शिवाय गरज दाखवून ताबा घेतलेल्या मालकाने महिनाभरात तेथे राहावयास सुरुवात केली नाही, किंवा वर्षाच्या आत जागा दुसऱ्या कोणास भाड्याने दिली, तर जुन्या भाडेकरूस पुन्हा आत बसविण्याचा हुकूम मागता येत असे. १९५८ च्या दिल्लीच्या कायद्याने तर याहून पुढे जाऊन ठरविले की, खरेदीने मालक झालेल्याने पाच वर्षे होईतो स्वतःच्या गरजेचे कारण सांगूच नये. भाडेकरूसकट घर स्वस्तात घ्यावयाचे आणि त्यास हुसकून महागात विकावयाचे, हा धंदा ओळखूनच ते कलम घातलेले दिसते.

घरमालकाची बाजू नाही, असे कोणी समजू नये. १९४० चे भाडे १९४० मध्ये योग्य असेल. पन्नास वर्षांनंतर तेच भाडे घेऊन कौले कोणी शाकारावयाची? ज्या विधवेचा निर्वाह दोन खोल्यांच्या भाड्यावर, तिला कायद्याने बिऱ्हाडकरूहूनही गरीब केले. इमारती खचल्या, आणि त्या कोसळल्या तेव्हा आत बिऱ्हाडकरूच होते. महाराष्ट्रातील एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९ डिसेंबर १९९७ रोजी भाडी अशी गोठवून ठेवणे आता वाजवी राहिलेले नाही असा निर्णय दिला. पुढे १९९९ चा नवा कायदा झाला आणि तो ३१ मार्च २००० पासून महाराष्ट्रात लागू झाला.

दरम्यान मालकवर्गाने आपली वाट काढलीच होती. पट्टा द्यावयाचा नाही, ‘भाडेकरू’ हा शब्द उच्चारावयाचा नाही. अकरा महिन्यांचा ‘परवाना’ लिहून द्यावयाचा, म्हणजे राहणारा हा पाहुणा ठरतो. महाराष्ट्राने १९७३ मध्ये दुरुस्ती करून १ फेब्रुवारी १९७३ रोजी जागेत असलेल्या अशा परवानाधारकांस भाडेकरू मानले. सुरत तोवर निराळ्या राज्यात गेली होती, तेव्हा ही दुरुस्ती तिच्यासाठी नव्हती. एकाच मूळ कायद्याच्या दोन फांद्या अशा निराळ्या दिशांना वाढल्या.

आणि नेमक्या याच काळात सुरतेत मराठी बिऱ्हाडे वाढली. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर तापीच्या खोऱ्यातून सुरत ते अमळनेर लोहमार्ग झाला, तेव्हापासून खानदेशास सुरत मुंबईहून जवळची. १९७२ च्या दुष्काळानंतर आणि यंत्रमागांच्या वाढीबरोबर धुळे, नंदुरबार, जळगावकडील माणसांचा ओघ वाढतच गेला. १९६१ मध्ये सुमारे २ लाख ८८ हजार वस्तीचे हे शहर २०११ च्या जनगणनेत ४४ लाखांवर गेले. लिंबायत, उधना, डिंडोली, पांडेसरा या भागांत अहिराणी कानावर पडते आणि महापालिकेच्या मराठी शाळा चालतात. येथील खोली घेण्याची रीत साधी आहे. गावचा कोणी ओळखीचा मालकाकडे घेऊन जातो, अनामत ठरते, महिन्याचे भाडे ठरते, आणि संध्याकाळी सामानाची ट्रंक व गॅसची शेगडी येऊन पडते. कागद कोणी मागत नाही, कारण मागणे म्हणजे अविश्वास दाखविणे. भाडे रोख. पावती नाही. पुष्कळदा मालकही ज्या जागेवर खोल्या बांधून बसला आहे ती बिनशेती झालेली नसते, तेव्हा त्यालाही आपले नाव कागदावर नकोच असते.

असे घर विकले जाते तेव्हा सारा इतिहास उलटा फिरतो. खरेदीदाराचा माणूस येऊन सांगतो, ‘आठ दिवसांत खोली खाली करा.’ माणसे करतातही. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर, त्यातला हा प्रकार. भाडेनियंत्रणाचे संरक्षण त्या विशिष्ट खोलीस मिळते की नाही, हा प्रश्न बाजूला ठेवला तरी १८८२ च्या कायद्यातील पंधरा दिवस त्यांचे असतातच, आणि ते संपल्यावरही कोर्टाच्या हुकुमावाचून कोणी कुलूप तोडू शकत नाही. तोडलेच, तर १९६३ च्या कायद्याप्रमाणे सहा महिन्यांच्या आत दावा लावून ताबा परत मागता येतो, आणि त्या दाव्यात मालकी कोणाची हा प्रश्न विचारावयाचाच नसतो. परंतु दावा लावणाऱ्यास आपण तेथे राहत होतो हे दाखवावे लागते. शिधापत्रिका बहुधा गावच्या पत्त्यावर. मतदारयादीतले नावही गावी. विजेचे मीटर मालकाच्या नावाचे. मग उरतो तो मुलाच्या शाळेच्या प्रवेश-अर्जावरचा पत्ता, गॅसचे पुस्तक, दवाखान्याचा केसपेपर. यांनी राहणे सिद्ध होईल; भाडे दिल्याचे सिद्ध व्हावयास शेजाऱ्याची साक्ष लागेल, आणि शेजारीही त्याच मालकाचा बिऱ्हाडकरू असतो.

२ जून २०२१ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने राज्यांसाठी नमुना भाडेकरू कायदा मंजूर केला. त्यात प्रत्येक भाड्याचा लेखी करार व्हावा आणि राहत्या घराची अनामत दोन महिन्यांच्या भाड्याहून अधिक नसावी असे म्हटले आहे. हेतू चांगला आहे. परंतु जेथे कागद मागण्याचे बळच भाडेकरूपाशी नाही तेथे ‘कागद असलाच पाहिजे’ या नियमाचा भार कोणावर पडतो, हे फ्रान्सच्या १८०४ च्या कलमाकडे पाहून ओळखावे. आपल्या जुन्या कायद्याने तोंडी बोलीला जी प्रतिष्ठा दिली होती ती सहजी सोडून देण्यासारखी नव्हे.

२०२० च्या टाळेबंदीत हे सारे एकदम उघडे पडले. माग बंद, मजुरी बंद, आणि भाड्याचा महिना मात्र भरला. २९ मार्च २०२० रोजी केंद्राच्या गृहखात्याने हुकूम काढला की, मजुरांकडून महिनाभराचे भाडे मागू नये, आणि मजूर वा विद्यार्थी यांना जागा सोडावयास भाग पाडणाऱ्या मालकावर कारवाई व्हावी. १९१५ च्या ग्लासगोसारखाच हा आणीबाणीचा उपाय. फक्त त्याचे आयुष्य महिन्याचे.

पुढच्याच वर्षी ज्या लोहमार्गाने खानदेश सुरतेस आला त्या मार्गावरूनच एक वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. सुरत–उधना–जळगाव या तिसऱ्या रुळासाठी रेल्वेच्या जमिनीवरील, उत्राण ते भेस्तान भागातील हजारो झोपड्या हटवावयाच्या होत्या. येथे घर विकणारा कोणी नव्हता. जमिनीचा धनी रेल्वे, आणि राहणाऱ्यांपाशी अर्थातच पट्टा नव्हता. १६ डिसेंबर २०२१ रोजी न्यायालयाने जागा मोकळी करण्यास मुभा दिली, परंतु आधी नोटीस द्यावी आणि पाडलेल्या प्रत्येक झोपडीमागे सहा महिने दरमहा २,००० रुपये द्यावेत असे सांगितले. मदत झोपडीमागे ठरली. अशा वस्त्यांतून एकाने बांधलेली झोपडी दुसऱ्याने भाड्याने घेतलेली असणे हे नित्याचे. तेथे ते २,००० रुपये बांधणाऱ्याचे की राहणाऱ्याचे, हे पुन्हा पावतीवरच येऊन ठेपते, आणि झोपडीच्या भाड्याची पावती कोणी कधी फाडलेली नसते.